कोयनेलाची निळी आभा

हिवतापाच्या मुलखात बदली होऊन गेलेल्या जुन्या पिढीच्या कारकुनाला कोयनेलाची कडू चव निराळी सांगावी लागत नसे. १८९२ पासून बंगालमधील टपाल कचेऱ्यांतून त्याच्या पुड्या एकेका पैशाला विकल्या जात. परंतु याच औषधाने प्रयोगशाळेला एका नव्या मापनयंत्राची वाट दाखविली, ही हकीकत तितकीशी परिचित नाही.

कोयनेलाचे आम्लमिश्रित पाणी वस्तुतः रंगहीन. तथापि ते उन्हात धरले असता त्याच्या पृष्ठभागाशी आकाशासारखी निळी आभा दिसते. जॉन हर्शेल याने १८४५ साली तिची नोंद केली. उलगडा मात्र केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स याने १८५२ साली केला. लोलकाने पसरलेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यातून त्याने या द्रावणाची नळी हळूहळू सरकवत नेली. तांबड्यापासून जांभळ्याच्या कडेपर्यंत काहीच घडेना. आणि जांभळ्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांना केवळ अंधार दिसतो, तेथे ती निळी उजळली! अदृश्य किरण शोषून द्रावण अधिक लांब तरंगांचा, दृश्य प्रकाश परत देत होते. फ्लुओरस्पार या खनिजावरून या गुणाला ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव त्याने सुचविले, तेही एका तळटीपेत. महत्त्वाचा मजकूर समासात ढकलण्याची रीत केवळ आमच्याच कचेऱ्यांत आहे असे नव्हे.

१९४२ साली जपानने जावा बेट घेतले आणि कोयनेलाचा मुख्य पुरवठा तुटला. दोस्त सैन्याची भिस्त ॲटाब्रिन या कृत्रिम औषधावर आली. त्याने कातडी पिवळी पडे, पोट बिघडे. सैनिक ते चुकवू लागले. मग मात्रा द्यावी तरी किती? न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर रुग्णालयात जेम्स शॅनन यांच्या हाताखाली बर्नार्ड ब्रोडी व सिडनी उडेनफ्रेंड यांनी रक्तद्रवातील ॲटाब्रिन त्याच्या प्रतिदीप्तीवरूनच मोजले. औषध शरीराच्या ऊतींत मुरते, रक्तात अत्यल्प उरते, असे आढळले. म्हणून प्रारंभी मोठी मात्रा व नंतर रोज थोडी, हा क्रम पुढे आला.

तथापि त्या वेळच्या यंत्रांत रंगीत काचा घालून ठराविक तरंगच निवडता येत. बेथेस्डा येथे रॉबर्ट बोमन यांनी काचांच्या जागी सूक्ष्म रेघांची दोन जालके योजिली. एक झेनॉन दिव्याच्या प्रकाशातून हवा तो तरंग निवडी, दुसरे नमुन्यातून काटकोनात निघणारा प्रकाश पारखी. १९५५ साली ही रचना प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी यंत्र विक्रीस आले. मला तो काटकोनच सर्वांत मार्मिक वाटतो: दिव्याचा प्रखर झोत सरळ निघून जातो आणि नमुन्याचा क्षीण उजेड काळोखात एकटा मोजला जातो.

आता आलेख संगणक काढतो. यंत्राचे माप पडताळण्यासाठी मात्र अजूनही अनेक प्रयोगशाळांत सौम्य आम्लातले कोयनेलच पुढे ठेवतात.