११४ बळींचा हंगाम

दिवाळीच्या सुट्टीत शिरोड्याच्या वेळागरावर पोरांची चेंडूफळी रंगते. गेल्या साली तेथे बसलो असता मी सहज विचारले, "आपल्या देशाचा पहिला थोर गोलंदाज कोण, सांगा पाहू!" पोरांनी आजकालची नावे घेतली. पालवणकर बाळूंचे नाव मी सांगितले, तेव्हा एकाने विचारले, "ह्यो खंयचो?"

गावच्या १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहाची गोष्ट ह्या पोरांना पाठ. ही मात्र ठाऊक नाही. वास्तविक पालवणकर हे आडनाव आपल्या कोकणातल्याच पालवण गावावरून आलेले.

बाळूंचा जन्म धारवाडचा, चांभार समाजातला. पुण्यास ते आधी पारशांच्या क्लबात व नंतर गोऱ्यांच्या जिमखान्यावर नोकरीस लागले. खेळपट्टी झाडायची, जाळे बांधायचे आणि साहेबांना सरावाचे चेंडू टाकायचे, हे काम. पगार महिना चार रुपये. तेथेच त्यांचा डावा हात तयार झाला. गोऱ्यांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. पण चहा द्यायचा तो बाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यात! चेंडू मात्र साऱ्यांच्या हातांतून फिरत होता.

१९११ च्या उन्हाळ्यात हिंदुस्थानचा संघ विलायतेस निघाला. पूर्वी १८८६ व १८८८ साली पारशांचे संघ जाऊन आले होते. सर्व जातिधर्मांचा असा हा पहिलाच. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. तो पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्यारोहणाचा उन्हाळा. महाराजांना मेजवान्या, समारंभ यांतून सवड थोडी. ते मोजकेच सामने खेळले. पराभवामागून पराभव पदरी पडू लागले. अखेरचा हिशेब असा: २३ सामने, त्यांत ६ जिंकले, १५ हरले, २ अनिर्णित.

हिशेब एवढाच असता तर हा हंगाम विसरण्याजोगाच म्हणावा लागता. परंतु ह्या पडत्या संघात पस्तिशीचे बाळू दिवसच्या दिवस गोलंदाजी करीत राहिले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी ८ गडी टिपले. साऱ्या दौऱ्यात त्यांचे बळी ११४, आणि प्रत्येक बळीमागे धावा १९ हूनही कमी! लीस्टरशायरला संघाने हरवले. पुढे सॉमरसेटविरुद्ध तर अवघा एक गडी राखून विजय मिळाला. त्या विजयात नाबाद शतक झळकावले ते बाळूंचे धाकटे बंधू शिवराम यांनी.

परत आल्यावर मानसन्मान झाले. पण हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद? ते काही ह्या थोर गोलंदाजाकडे आले नाही. गुण हवे होते. पुढारपण द्यायचे नव्हते. अखेर १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले, आणि त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. १९५५ साली बाळू निवर्तले.

मी एवढे सांगेतो ऊन कलले होते. पोरांचा डाव संपला. कोणीतरी घरून पाण्याचा तांब्या आणला. तो एकच तांब्या हातोहात फिरला, तळ दिसेपर्यंत. पोरांना त्यात काहीच विशेष वाटले नाही. मी मात्र त्या तांब्याकडे बघत राहिलो.