राजदूत ३५०: चालवली तर झिजते, ठेवली तर सुकते

१/ किल्ला, नाणे, ताम्रपट जपायचा म्हणजे त्याला शक्यतो हात लावायचा नाही, हे आपण जाणतो. यंत्राच्या बाबतीत हा नियम लागू पडत नाही. १९८३ साली भारतात अवतरलेल्या एका मोटारसायकलच्या निमित्ताने यंत्रवारशाचा हा पेच समजून घेऊ. #इतिहास #थ्रेड

२/ मूळ गाडी जपानची. यामाहाने १९७३ साली आरडी ३५० बाजारात आणली. ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरांचे, वाऱ्याने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर आणि सुमारे ३९ अश्वशक्ती. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधील रीड व्हॉल्व्हमुळे आत गेलेले मिश्रण मागे फिरत नसे. त्यामुळे कमी वेगातही इंजिन जोर धरी.

३/ मात्र टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर ऑइलही जाळते. अमेरिकेत १९७८ पासून मोटारसायकलींना धुराचे नियम लागू झाले आणि रस्त्यावरच्या टू-स्ट्रोकचे दिवस तेथे भरत आले. जपानी कारखान्यात तर १९७६ सालीच ३५० ची जागा आरडी ४०० ने घेतली होती.

४/ जगाने मागे टाकलेली ही गाडी फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने 'राजदूत ३५०' या नावाने येथे काढली. पुढच्या डिस्क ब्रेकच्या जागी ड्रम आला. शक्ती ३०.५ अश्वशक्तीपर्यंत उतरवली गेली; पुढच्या 'लो टॉर्क' आवृत्तीत ती २७ झाली. तरीही सुमारे १८ अश्वशक्तीच्या बुलेटपुढे हा वेग अपूर्वच होता. मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत तिने नाव कमावले.

५/ बाजारात मात्र ती हरली. १९८४-८५ मध्ये इंड-सुझुकी, हिरो होंडा आणि यामाहाची आरएक्स १०० या १०० सीसीच्या गाड्या आल्या. एका लिटरमध्ये किती किलोमीटर, हा ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरला. राजदूत ३५० पेट्रोल भरपूर पिई आणि तिचे सुटे भागही महाग. दशक संपता संपता उत्पादन थांबले.

६/ येथून पुढचा इतिहास मालकांचा आणि मिस्त्रींचा आहे. पिस्टन-रिंगा झिजल्या की सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन बसवतात. मूळ बोअर ६४ मिमी. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिमीने वाढत ६५ मिमीपर्यंत जातात. म्हणजे चार संधी. त्यानंतर नवा लायनर घालावा लागतो. प्रत्येक दुरुस्तीत कारखान्यातून आलेला थोडा धातू लेथच्या खाली भुगा होऊन पडतो.

७/ मग गाडी नुसती झाकून ठेवली तर? पडून राहिलेल्या इंजिनात क्रँकचे ऑइल सील कडक होतात. एका बाजूचे सील गेले, तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन तापून जाम होतो. क्लचच्या बाजूचे गेले, तर गिअरबॉक्समधले ऑइल ओढले जाऊन सायलेन्सरमधून धुराचे लोट निघतात. न वापरणे हेही रक्षण नव्हे.

८/ कायद्याची बाजू पाहा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायला वाहन ५० वर्षांहून जुने हवे. चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. १९८३ ची राजदूत तेथे पोहोचेल २०३३ साली. तोवर ती केवळ जुनी गाडी आहे: १५ वर्षांनंतर तपासणी आणि नोंदणीचे नूतनीकरण चुकत नाही. आणि व्हिंटेज ठरल्यावर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही.

९/ म्हणून 'अस्सल' म्हणजे काय, हे प्रत्येक मालकाला ठरवावे लागते. मूळ पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले तर गाडी भरवशाची होते, पण १९८३ ची राहते का? ड्रमच्या जागी डिस्क लावणे सुरक्षिततेच्या दृष्टीने रास्त. परंतु भारतात तो डिस्क का नव्हता, हा इतिहास त्याबरोबर पुसला जातो.

१०/ यावर एक साधा उपाय आहे: नोंदवही. कोणत्या साली कितवा बोअर झाला, कोणता भाग बदलला, कोणी बदलला, हे लिहून ठेवावे. काढलेला मूळ भाग भंगारात न देता चिठ्ठी लावून जपावा. घरात अशी एखादी गाडी असेल तर तिच्या जुन्या मिस्त्रींना आजच भेटा. सुटे भाग पुन्हा घडवता येतात. त्यांच्या स्मरणातली माहिती मात्र त्यांच्याबरोबरच जाईल.