सामूहिक निवास केंद्रे, जॉर्जियातील

युद्धामुळे परागंदा झालेल्या कुटुंबांना हॉटेले, वसतिगृहे, शाळा, रुग्णालये अशा उभ्या इमारतींत एकत्र ठेवण्याची व्यवस्था. यांपैकी कोणती इमारत आधी रिकामी करायची, कोणती डागडुजी करून रहिवाशांच्या नावे करायची, हा प्राधान्यक्रम नेहमीच वादाचा ठरतो. जॉर्जियात तो तीन दशके गाजला.

१९९२-९३ च्या युद्धात अबखाझिया या फुटीर प्रदेशातून दोन लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले. त्यांत बहुसंख्य जॉर्जियन वंशाचे होते. सप्टेंबर १९९३ मध्ये तेथील राजधानी सुखुमी पडल्यावर कित्येक जण स्वानेतीच्या बर्फाळ खिंडी पायी ओलांडून आले. मुक्काम काही महिन्यांचाच, असे धरून त्यांना सोव्हिएत काळातील इमारतींत उतरवण्यात आले. त्सखाल्टुबोची आरोग्यधामे भरली. तिबिलीसीच्या मध्यभागी असलेल्या ‘इवेरिया’ हॉटेलात खोलीखोलीत बिऱ्हाडे थाटली गेली. जागा पुरेना म्हणून प्लायवूड, पत्रे, प्लास्टिक लावून गॅलऱ्या बंद करण्यात आल्या. पक्के घर दिले तर परतीचा दावा कमकुवत होईल, या राजकीय भीतीपोटी पुढची काही वर्षे सरकारने हा प्रश्न भिजत ठेवला. स्थानिक जीवनात सामावून घेण्याचे उद्दिष्ट परतीच्या जोडीला अधिकृतपणे आले ते २००७ च्या राष्ट्रीय धोरणात.

तोवर प्रत्यक्षात क्रम लागला होता, पण तो गरजेपेक्षा जागेच्या भावावर. २००४ मध्ये खोलीमागे सुमारे ७,००० डॉलर देऊन ‘इवेरिया’ रिकामे करण्यात आले. २००९ मध्ये तेथे नवे आलिशान हॉटेल सुरू झाले. आडगावच्या गळक्या इमारतींकडे असा खरेदीदार फिरकणार नव्हता. रशियाशी झालेल्या ऑगस्ट २००८ च्या युद्धानंतर दक्षिण ओसेशिया या दुसऱ्या फुटीर प्रदेशाच्या बाजूने आलेल्यांसाठी त्सेरोवानी येथे सुमारे २,००० बैठी घरे अवघ्या काही महिन्यांत उभी राहिली. पंधरा वर्षे ताटकळलेल्या जुन्या विस्थापितांना हे झोंबले, आणि त्यांची तक्रार रास्त होती. २०१० मध्ये तिबिलीसीतील अनेक केंद्रांतून लोकांना हुसकावण्यात आले, त्यावर मानवी हक्क संघटनांनी टीका केली.

२०१३ पासून कुटुंबाची स्थिती, अपंगत्व, राहत्या जागेची अवस्था यांना गुण देऊन घरे वाटण्याची पद्धत आली. ती पूर्वीपेक्षा न्याय्य खरी, तरी रांग संपली नाही. जानेवारी २०२२ मध्ये ‘कार्तली’ या मोडकळीस आलेल्या आरोग्यधामातील एका रहिवाशाने आत्महत्या केली. आंदोलन पेटले, तेव्हा कुठे तेथील कुटुंबांना घरे देण्याचे सरकारने मान्य केले.