कुंपणाआधीची यात्रा

थीम पार्क उभे केले की त्यामागून पर्यटक येतात, हा समज सोयीचा असला तरी इतिहासातला क्रम उलटा आहे. डिस्नेलँड १९५५ साली अनाहाइमला उघडले, तेव्हा लॉस एंजलिससारखे महानगर शेजारी होते आणि तिथून येणारा नवा द्रुतगती रस्ताही हाताशी होता. पण पार्काची जागा लहान होती. भोवती दुसऱ्यांची मोटेलं उभी राहिली आणि मुक्कामाचा पैसा त्यांच्याकडे जाऊ लागला. म्हणून फ्लोरिडात डिस्नेने सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली आणि १९७१ मध्ये पार्काबरोबर हॉटेलेही स्वतःच उघडली. पाहुण्याचा दुसऱ्या दिवसाचा खर्चही कुंपणाच्या आत राहावा, या हिशेबातून थीम पार्क रिसॉर्टचा आजचा साचा पक्का झाला. महाराष्ट्रातही १९८९ चे एस्सेलवर्ल्ड मुंबईच्या गोराईत झाले, तर २०१३ चे इमॅजिका मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांच्या आवाक्यात, खोपोलीजवळ. शिर्डीला साईतीर्थ हे पार्क झाले, ते साईभक्तांची रीघ लागून कित्येक दशके उलटल्यावर.

करमणूक, बाजार आणि देवदर्शन एकत्र आणणारी व्यवस्था खान्देशात या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून आहे. ती म्हणजे यात्रा. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार, माघी पौर्णिमेला शिरपूरची खंडेराव महाराजांची यात्रा, चैत्रात धुळ्याची एकवीरा देवी, वैशाखात अमळनेरला सखाराम महाराज. खरिपाचे पीक घरात आले, कापसाचा पैसा हाती खेळू लागला की हा हंगाम सुरू होतो. बारागाड्या ओढणारा भगत, तगतरावाची मिरवणूक, तमाशाचे फड, आकाशपाळणे, गोडशेवेची दुकाने यांचा मालक कुणी एक नसतो. यात्रेत शिरायला तिकीट नसते; जो तो आपल्या पाळण्याचे, आपल्या तंबूचे पैसे घेतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इथे खेळच गावोगाव फिरतो. थीम पार्क जागचे हलत नाही, म्हणून त्याला बारा महिने नवा प्रेक्षक लागतो. पाळणेवाला आणि फडमालक मात्र एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेत जातात, त्यामुळे पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या मुलखाचा बेताचा खिसाही त्यांना पुरतो.

यावर कुणी डिस्नेच्या फ्लोरिडातल्या पार्काचे, म्हणजे ऑर्लँडोचे उदाहरण देईल: तिथे तर दलदल होती, शहर पार्कानेच मोठे केले. हे अर्धेच खरे आहे. उबदार हिवाळ्यासाठी फ्लोरिडात प्रवासी आधीपासून येत होते आणि मोठे महामार्ग जिथे एकमेकांना मिळतात, ती जागा हेरूनच निवडली होती. शिरपूरला थीम पार्क काढायचे म्हटले, तर तेही मुंबई-आग्रा महामार्गावरच आहे; पण रस्त्यावरून जाणारा प्रवासी आणि तिकीट काढून दिवसभर थांबणारे कुटुंब यांत अंतर असते. दोन महानगरांच्या मधल्या इमॅजिकालाही कर्जाचा भार पेलला नाही आणि २०२२ मध्ये ते मालपाणी समूहाकडे गेले. तिथे जे जड गेले, ते तापीकाठी हलके जाईल असे मानायला आधार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यात्रा काही दिवसांची असते, तिच्यातून वर्षभराचा रोजगार मिळत नाही. धूळ, गर्दी, अस्वच्छता आणि पाळण्यांच्या सुरक्षेचे प्रश्नही खरेच आहेत. पण ही उणीव सोयींची आहे आणि ती भरून काढता येते. सारंगखेड्यात सरकारने चेतक फेस्टिव्हलच्या नावाने दुसरी वाट धरली: तंबूंचे आलिशान गाव आणि बाहेरच्या कंपनीला दीर्घ मुदतीचे कंत्राट. ते कंत्राट २०१९ च्या अखेरीस सरकारनेच रद्द केले. यात्रा त्याआधीही भरत होती, नंतरही भरत राहिली, कारण तिचा आधार कंत्राट नव्हता. घोड्यांचे व्यापारी आणि दत्तभक्त होते. म्हणून शिरपूरने पर्यटनावर पैसा घालायचाच असेल, तर तो पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, पाळण्यांची कडक तपासणी, रात्रीच्या एसटी आणि परवडणारा मुक्काम यांवर घालावा. या सोयी यात्रा संपल्यावर गावालाच उरतात. थीम पार्क तोट्यात गेले तर गावाच्या वाट्याला फार तर बंद फाटक येते.