ना यादी, ना निधी

खराडीच्या आयटी पार्कात ‘वीकऑफ’ हा शब्द दिवसातून दहादा कानी पडतो. आठवड्याची ही सुट्टी मुंबईच्या गिरण्यांत कशी आली, याचा माग घेताना फॅक्टरी कायद्याच्या १८९२ च्या अहवालातला एक सरकारी शेरा आडवा येतो: नारायण मेघाजी लोखंडे ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’चे अध्यक्ष म्हणवतात, पण तिला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. येईल त्या कामगाराला ते सल्ला देतात, इतकेच.

शेरा खोटा नसेल; पण तो इतर कागदांशेजारी ठेवून वाचावा लागतो.

पहिला कागद १८८४ चा. मुंबई सरकारच्या फॅक्टरी कमिशनसाठी लोखंड्यांनी सप्टेंबरात परळला सभा घेतल्या. तिथल्या निवेदनावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या अशा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. म्हणजे मागितलेला दिवसच अकरा-बारा तासांचा! चालू दिवस किती लांब असेल, ते यावरून ताडावे.

दुसरी नोंद २४ एप्रिल १८९० ची. मुंबईतल्या सभेला सुमारे १०,००० कामगार जमले, दोन स्त्रियाही बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनच्या कामात लोखंड्यांना घेतले गेले आणि १८९१ च्या कायद्यात सुट्टी आली.

यादी नसताना एवढी माणसे बांधली कशाने? माझा तर्क ‘दीनबंधू’कडे जातो. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले हे सत्यशोधकी साप्ताहिक लोखंड्यांनी १८८० मध्ये मुंबईत नेले. असोसिएशनचे दप्तर शोधायचे तर ते इथेच. गंमत अशी, की त्यातला बराच मजकूर आज सापडतो तो देशी पत्रांवर नजर ठेवणाऱ्या सरकारच्या साप्ताहिक इंग्रजी गोषवाऱ्यांत. एका सरकारी कागदाने नाकारलेले दप्तर दुसऱ्याने असे जपले.

९ फेब्रुवारी १८९७ रोजी लोखंडे प्लेगने गेले. कामगार संघटनांच्या नोंदणीचा कायदा झाला १९२६ मध्ये. शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याने ३४ वर्षे आधीच नोंदवही मागितली होती.