घाटातील गाडी आणि ओझ्याचा तोल

रत्नागिरीच्या बंदरांतून मीठ, नारळ व सुकी मासळी देशावर आणि देशावरून गूळ, तंबाखू व धान्य कोकणात नेणारी वाहतूक पूर्वी प्रामुख्याने लमाण-वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुंभार्ली, आंबा यांसारख्या घाटांत गाडीरस्ते झाल्यावर मात्र ओझे पाठीवरून चाकांवर आले आणि उतारावर ते आवरण्याचा नवाच प्रश्न गाडीवानांपुढे उभा राहिला. माल आखाच्या, म्हणजे दोन चाके जोडणाऱ्या कण्याच्या, मागे अधिक भरला गेला, तर गाडी ‘उलाळ’ होऊन जू वर उचलले जाई; पुढे अधिक झाला, तर ती ‘धुरजड’ होऊन सारा भार बैलांच्या मानेवर येई. म्हणून थोडेसेच वजन पुढे राखणे, हेच गाडी भरणाऱ्याचे खरे कसब होते आणि त्याची दखल इतिहासलेखनात फारच कमी घेतली गेली आहे. आज पिकअपमागे ट्रेलर जोडतानाही साधारणपणे त्याच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार जोडकड्यावर ठेवतात, कारण तो कमी पडल्यास ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागतो. शिवाय आंबा घाटासारख्या लांब उतारावर केवळ ब्रेकवर विसंबल्यास ते तापून निकामी होऊ शकतात, त्यामुळे माथ्यावरच खालचा गिअर टाकावा लागतो.