शंभरातला एक भाग

१९८५ साली भोपाळच्या एका लहानशा दवाखान्यात मी एक्स-रे काढण्याचे काम करीत होतो. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला, तेव्हापासून छातीचा फोटो काढून घेणाऱ्यांची रांग संपत नसे. मधेच मी यंत्र थांबवी. एक म्हातारी धापा टाकीत विचारी, "भैया, मशीन बिगड़ गई क्या?"

"नहीं अम्मा, गरम हो गई है," एवढेच मी सांगे. पुरते उत्तर आज लिहितो.

विल्हेल्म राँटगेन यांना हे किरण जर्मनीत व्युर्झबुर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी सापडले. अनोळखी म्हणून ते 'एक्स', आपल्याकडे 'क्ष'. त्यांच्या नळीत थोडा वायू उरलेला असे, त्यामुळे तिचा भरवसा नसे. १९१३ मध्ये अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी निर्वात नळीत टंगस्टनची तार तापवून इलेक्ट्रॉन मिळवले. हे इलेक्ट्रॉन हजारो व्होल्टच्या दाबाने समोरच्या धनाग्रावर आदळतात. अणुगर्भाजवळून जाताना काहींचा वेग एकदम घटतो आणि गेलेली ऊर्जा क्ष-किरण होऊन निघते. काही इलेक्ट्रॉन अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात. ती रिकामी जागा भरतानाही किरण निघतो. पण बहुतेकांची शक्ती बारीकसारीक धडकांतच संपते आणि तिची नुसती उष्णता होते. शंभरातले सुमारे ९९ भाग उष्णता, जेमतेम एक भाग किरण!

म्हणूनच धनाग्राला टंगस्टन लागते. ते सुमारे ३,४०० अंश सेल्सिअसला वितळते. पुढे मोठ्या यंत्रांत फिरती चकती आली, म्हणजे मारा एकाच जागी बसत नाही. आमच्याकडे मात्र जुनी नळी होती: तांब्याच्या ठोकळ्यात बसवलेली टंगस्टनची टिकली. तांबे उष्णता बाहेरच्या तेलाकडे नेई, पण तेलालाही निवायला वेळ लागे. घाई केली तर टिकलीला खड्डे पडत, तडे जात. मग रांगेतल्या कोणाचाच फोटो निघाला नसता.

म्हातारीचा फोटो अखेर निघाला, आणि स्वच्छ आला. तिची धाप मात्र तशीच होती. बारीक श्वासनलिकांची इजा साध्या फोटोत पुष्कळदा उमटतच नाही. "कुछ नहीं आया, तो मानेगा कौन?" असे म्हणत तिने तो फोटो कागदपत्रांच्या पिशवीत ठेवला.

शंभरातला तो एक भागही सगळे सांगत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.